प्लॅन तीनशेचा, वेग तिसाचा

इंटरनेटच्या जाहिरातीत हल्ली तीन गोष्टी हमखास असतात. ‘३०० एमबीपीएस’सारखा घसघशीत आकडा, ‘अनलिमिटेड’ हा शब्द आणि अगदी तळाशी, भिंग घेतल्याशिवाय दिसणार नाही अशा अक्षरांत एक ओळ. त्या ओळीत बहुधा लिहिलेलं असतं, की महिन्याला ३३०० जीबीनंतर वेग कमी केला जाईल. देशातल्या बड्या खासगी कंपन्यांच्या फायबर प्लॅनमध्ये ही मर्यादा साधारण एवढीच आढळते.

हिशेब करून पाहा. ३०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला साडेसदतीस मेगाबाइट. या वेगानं डाउनलोड अखंड चालू ठेवलं तर ३३०० जीबी संपायला लागतात जेमतेम साडेचोवीस तास. महिनाभराचं बिल भरायचं आणि पूर्ण वेगाचा हक्क एका दिवसाचा! अर्थात असं कुणी वापरत नाही. रोज चार तास एचडी दर्जाचा व्हिडिओ पाहिला तरी दिवसाला नऊ-दहा जीबी होतात, महिन्याला तीनशेच्या आत. त्यामुळे ही मर्यादा बहुतेक घरांना कधी जाणवतही नाही.

तरी ती आधी सांगितली, कारण कंपनी वेग मुद्दाम कमी करते असं खात्रीनं म्हणता येईल अशी ही सर्वांत सोपी जागा आहे, आणि कंपनीनं ती स्वतःच लिहून दिलेली असते. बाकीचा मंदपणा कुठून येतो हे मात्र शोधावं लागतं. तो तुमच्या बैठकीच्या खोलीतून येत असेल, जिन्यातल्या केबलवाल्याच्या डब्यातून येत असेल, कंपनीनं बाहेरच्या जाळ्याशी जोडण्यासाठी विकत घेतलेल्या अपुऱ्या क्षमतेतून येत असेल, किंवा खरंच कुणी तरी ठरावीक सेवा अडवत असेल. हे न शोधता फोन करून नुसतं ‘नेट स्लो आहे’ म्हटलं, की पलीकडून ठरलेलं उत्तर येतं: ‘राऊटर बंद करून परत चालू करा, आमच्याकडून ओके दिसतंय.’ माझं मत विचाराल तर ग्राहक हे भांडण त्या एका वाक्यातच हरतो. आकडे हातात असलेला ग्राहक समोरच्याला फार गैरसोयीचा असतो. ते आकडे कसे मिळवायचे आणि त्यांचं काय करायचं, ते आता पाहू.

जाहिरात वाचताना

आधी एककाचा घोळ मिटवू. वेग मोजतात मेगाबिटमध्ये, फाइल मोजतात मेगाबाइटमध्ये, आणि आठ बिटचा एक बाइट. १०० एमबीपीएसच्या जोडणीवर फाइल उतरवताना सेकंदाला १२ एमबीच्या आसपास आकडा दिसला तर तो पूर्ण वेग आहे. त्यासाठी कुणाशी भांडू नका.

मग येतं ‘पर्यंत’. ‘३०० एमबीपीएसपर्यंत’ लिहिलं की वरची सीमा कळते. खाली किती घसरेल याबद्दल जाहिरात मौन पाळते. ब्रिटनमध्ये यावर बरीच वर्षं वाद चालला. तिथं पूर्वी एखादा वेग दहा टक्के ग्राहकांना मिळत असला तरी कंपनीला तो ‘पर्यंत’ म्हणून छापता येत असे. २३ मे २०१८ पासून नियम बदलला. जाहिरातीतला आकडा रात्री आठ ते दहा या गर्दीच्या वेळी निदान निम्म्या ग्राहकांना मिळायला हवा आणि तो ‘सरासरी’ म्हणून सांगायला हवा, असं ठरलं. त्यानंतर अनेक कंपन्यांचे जाहिरातीतले आकडे खाली आले. तारा त्याच होत्या, ग्राहक तेच होते, फक्त आकडा खरा लिहावा लागला.

आपल्याकडे भर आहे तो माहिती उघड करण्यावर. दूरसंचार नियामक प्राधिकरणानं, म्हणजे ट्रायनं, ३१ ऑक्टोबर २०१६ रोजी एक निर्देश काढला. त्यानुसार ‘फेअर युसेज पॉलिसी’ असलेल्या प्लॅनमध्ये डेटाची मर्यादा किती, त्या मर्यादेपर्यंत वेग किती आणि ती ओलांडल्यावर वेग किती, हे तिन्ही आकडे कंपनीनं संकेतस्थळावर आणि जाहिरातींत द्यायचे असतात. वापर ५०, ९० आणि १०० टक्क्यांवर पोचला की ग्राहकाला कळवायचं असतं. आणि तारेवरच्या ब्रॉडबँडचा वेग मर्यादा संपल्यावरही ५१२ केबीपीएसच्या खाली नेता येत नाही. हा निर्देश लक्षात ठेवा, तक्रारीत उपयोगी पडतो.

५१२ केबीपीएस हा काही दिलासा नव्हे. सेकंदाला ६४ किलोबाइट. एक जीबीची फाइल उतरायला सव्वाचार तासांहून जास्त. गंमत अशी, की सरकारच्या व्याख्येप्रमाणे याला आता ब्रॉडबँडसुद्धा म्हणता येत नाही. २००४ च्या धोरणात ब्रॉडबँडचा किमान वेग २५६ केबीपीएस होता, २०१३ मध्ये तो ५१२ झाला आणि जानेवारी २०२३ मध्ये २ एमबीपीएस. मोबाइलवर तर परिस्थिती आणखी कठीण. रोजचा दीड-दोन जीबी संपला की वेग ६४ केबीपीएसवर येतो, ज्यात व्हॉट्सअ‍ॅपचा साधा फोटोही रखडत जातो. जाहिरातीत मात्र तोही ‘अनलिमिटेड’च.

जोडणी घेण्याआधी विक्रेत्याला विचारायचे प्रश्न या सगळ्यातून आपोआप निघतात. मर्यादा किती जीबीची, आणि त्यानंतरचा वेग काय? एअर फायबर नावानं मिळणाऱ्या बिनतारी जोडणीत ही मर्यादा अनेकदा हजार जीबीच्या आसपास असते, तेव्हा फायबर आणि एअर फायबर एकच समजू नका. अपलोडचा वेग किती? घरून काम करणाऱ्याला किंवा ऑनलाइन शिकवण्या घेणाऱ्याला डाउनलोडइतकाच तो महत्त्वाचा, पण जाहिरातीत त्याचा उल्लेख क्वचितच असतो. छापील किमतीत १८ टक्के जीएसटी धरला आहे का? राऊटर एकाच बँडचा आहे की दोन? हे प्रश्न फोनवर न विचारता व्हॉट्सअ‍ॅपवर किंवा ई-मेलवर विचारा, म्हणजे उत्तरं लेखी राहतात. आणि पहिल्या खेपेला सहा महिन्यांचे किंवा वर्षाचे पैसे आगाऊ भरू नका, सवलत कितीही मोहक असली तरी. वर्षाचे पैसे एकदा हातात पडले, की तुमच्या तक्रारीची घाई कुणालाच राहत नाही.

गल्लीतल्या केबलवाल्याकडून जोडणी घेत असाल तर आणखी एक गोष्ट. परवाना त्याच्या नावावर असतो की तो दुसऱ्या कंपनीची लाइन पुढे देतो, हे बिलावरून कळतं. जीएसटी क्रमांक, ग्राहक क्रमांक आणि परवानाधारक कंपनीचं नाव असलेलं बिल मागून घ्या. वहीत टिचकी मारून पैसे नेणाऱ्याकडे उद्या कुठल्या नावानं तक्रार करणार?

आधी घर तपासा

कंपनीवर चिडण्याआधी घर निर्दोष आहे हे सिद्ध करावं लागतं. कारण पुष्कळदा ते नसतं.

लॅपटॉप आणि राऊटर यांच्यामध्ये लॅनची वायर लावा. वाय-फाय बंद. घरातले बाकीचे फोन, टीव्ही, सीसीटीव्ही थोडा वेळ जाळ्याबाहेर काढा. मग चाचणी घ्या. वायरवर पूर्ण वेग आला आणि वाय-फायवर नाही, तर कंपनीनं आपलं काम केलं आहे, प्रश्न भिंतींचा आहे. वाय-फायवरचा आकडा घेऊन ग्राहक आयोगापर्यंत गेलात तरी पहिल्याच तारखेला कंपनीचा वकील तेवढ्यावर तुम्हाला गारद करील.

वायरवरचा आकडा ९३ ते ९५ च्या दरम्यान अडकत असेल, प्लॅन दोनशेचा असो की तीनशेचा, तर ती खूण ओळखा. जुन्या प्रकारच्या ‘फास्ट इथरनेट’ पोर्टची कमाल क्षमता १०० एमबीपीएस, आणि प्रत्यक्षात त्यातून एवढंच बाहेर पडतं. राऊटरचा पोर्ट जुना असेल, लॅपटॉपचा असेल, किंवा इमारतीच्या गच्चीवरच्या पेटीत बसवलेला स्विच स्वस्तातला असेल. चौथी शक्यता सर्वांत वैताग आणणारी: लॅनच्या वायरीत आठ तारा असतात, आणि गिगाबिट वेगासाठी आठही लागतात, पण लाइनमननं कनेक्टर बसवताना घाईत चारच जोडल्या, तर जोडणी बिनतक्रार चालते, फक्त शंभरावर. कनेक्टर पारदर्शक प्लॅस्टिकचा असतो. डोळ्यांजवळ धरून तारा मोजा.

कंपनीनं दिलेलं यंत्रच विकलेला वेग पेलत नसेल तर दोष कंपनीचा. हा मुद्दा न्यूयॉर्क राज्यात चांगला गाजला. तिथल्या महाधिवक्ता कार्यालयानं चार्टर कम्युनिकेशन्स आणि तिनं ताब्यात घेतलेल्या टाइम वॉर्नर केबल यांच्यावर दावा लावला. जास्त वेगाचे पैसे घेऊन ग्राहकांना जुनाट मोडेम भाड्यानं दिले, जे तो वेग देऊच शकत नव्हते, हा त्यातला एक मुख्य आरोप होता. डिसेंबर २०१८ मध्ये कंपनीनं १७ कोटी ४२ लाख डॉलरची तडजोड केली. त्यातले सव्वासहा कोटी डॉलर थेट सात लाखांहून जास्त ग्राहकांना परत मिळाले. तुमच्याकडे तीनशेचा प्लॅन आणि शंभराच्या पोर्टचा राऊटर असेल, तर राऊटर बदलून मागणं हा तुमचा हक्क आहे, उपकार नव्हे.

आता वाय-फाय. बहुतेक राऊटर दोन पट्ट्यांवर चालतात, २.४ आणि ५ गिगाहर्ट्‌झ. २.४ ची पोच लांबवर, पण तिथं एकमेकांना न अडवणारे चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. पुण्या-मुंबईतल्या कुठल्याही इमारतीत फोनवर वाय-फायची यादी उघडली की शेजाऱ्यांची पंधरा-वीस नावं दिसतात. ते सगळे याच तीन चॅनेलवर रेटारेटी करत असतात. तिथं चाळीस-पन्नास एमबीपीएस मिळाले तरी नशीब समजा. ५ गिगाहर्ट्‌झवर जागा पुष्कळ, वेग जास्त, पण दोन आरसीसी भिंती ओलांडताना तो लटपटतो. राऊटर बहुधा दाराजवळ, चपलांच्या कपाटावर किंवा टीव्हीमागे ठेवलेला असतो, कारण लाइनमनला वायर तिथपर्यंतच आणायची असते. तो घराच्या मध्यावर, उंचावर, उघड्यावर आणा. जोडणी बसवतानाच हट्ट धरा. नंतर वायर वाढवून द्यायला कुणी फिरकत नाही.

फायबर असेल तर भिंतीवरच्या डब्याकडे, ज्याला ओएनटी म्हणतात, एक नजर टाका. ‘लॉस’ नावाचा दिवा लाल असेल तर तार तुटली आहे किंवा वाकली आहे. दिवे ठीक असूनही वेग नसेल तर लाइनमन आल्यावर ‘पॉवर किती येते’ हे विचारा. तो खिशातल्या मीटरवर पाहून उणे वीस, उणे बावीस असा आकडा सांगेल, हे डीबीएम. घरगुती फायबरच्या नेहमीच्या जीपॉन प्रणालीत उणे २७ ही शेवटची हद्द मानली जाते. उणे २६ वगैरे सांगितलं तर लाइन काठावर आहे. कुठे तरी जोड खराब आहे किंवा कपाटाखाली तार चेपली गेली आहे. हा आकडा विचारणारा ग्राहक भेटला की लाइनमनचा सूर बदलतो, असा माझा अनुभव आहे.

रात्री साडेनऊचा वेग

घर निर्दोष ठरलं, तरी एक चाचणी पुरत नाही. आठवडाभर सकाळी सातला, दुपारी आणि रात्री साडेनऊच्या सुमाराला वायरवरून वेग मोजा. प्रत्येक वेळी स्क्रीनशॉट ठेवा, ज्यात तारीख, वेळ आणि सर्व्हरचं नाव दिसतं. ट्रायचं ‘मायस्पीड’ अ‍ॅप २०१६ पासून उपलब्ध आहे. त्यातल्या मोजणीबद्दल निदान ‘हे कुठलं अ‍ॅप’ असा प्रश्न कुणी विचारू शकत नाही.

सकाळी २८० आणि रात्री ४० असं चित्र दिसलं, तर ते थ्रॉटलिंग, म्हणजे मुद्दाम वेग आवळणं, नव्हे. ही गर्दी आहे, आणि तिचं मूळ ब्रॉडबँडच्या धंद्यातच आहे. सोसायटीत सकाळी सातला सगळ्यांनी एकदम नळ सोडले की वरच्या मजल्यावर पाणी चढत नाही, तसंच हे. जीपॉन फायबरच्या एका तारेवर उतरत्या दिशेनं अडीच जीबीपीएस क्षमता असते आणि ती बत्तीस किंवा चौसष्ट घरांत विभागतात. चौसष्ट घरांनी एकाच क्षणी पूर्ण वेग मागितला तर प्रत्येकाच्या वाट्याला चाळीसेक एमबीपीएस येतात. कंपनी हे जाणून असते. सगळे एकाच क्षणी मागत नाहीत यावरच दर परवडतात. ट्रायच्या मार्च २००९ च्या मार्गदर्शक सूचनांनी हे प्रमाण घरगुती ब्रॉडबँडसाठी पन्नास ग्राहकांमागे एक वाटा आणि व्यावसायिक जोडणीसाठी तिसांमागे एक, असं बांधून दिलं होतं. वाटून घेणं गैर नाही. एका वाट्यात शंभर घरं कोंबणं गैर आहे.

इथं एक बारीक गोम आहे. २००६ च्या ट्रायच्या गुणवत्ता नियमांत घेतलेल्या वेगाच्या ८० टक्क्यांहून जास्त वेग मिळावा असं म्हटलं होतं, पण कुठपासून कुठपर्यंत? कंपनीच्या केंद्रापासून ग्राहकाच्या घरापर्यंत. केंद्रापासून पुढे जगाकडे जाणारी तार तुंबलेली असली तरी अशी कसोटी कंपनी आरामात पार करते. म्हणून तर स्पीड टेस्टवर २९० दिसतात आणि व्हिडिओचं चक्र गोल फिरत राहतं. प्रचलित स्पीड टेस्ट सर्वांत जवळचा सर्व्हर निवडते, आणि तो पुष्कळदा तुमच्याच कंपनीच्या आवारात असतो. चाचणी घेताना सर्व्हर हातानं बदला. मुंबईतलाच पण दुसऱ्या कंपनीचा एक घ्या, सिंगापूरचा एक घ्या. एम-लॅब या प्रकल्पाची चाचणी मुद्दामच सेवादात्यांच्या जाळ्याबाहेरच्या सर्व्हरवर चालते, तीही घ्या. घरच्या सर्व्हरवर २९० आणि बाहेरच्यावर ३५, असं रोज रात्री दिसत असेल, तर कंपनीनं पुढची क्षमता पुरेशी घेतलेली नाही.

छोट्या ऑपरेटरच्या बाबतीत उलटाही प्रकार आढळतो. यूट्यूब सुरळीत चालतं, कारण गूगलचे व्हिडिओ साठवणारे सर्व्हर सेवादात्याच्या जाळ्यातच ठेवलेले असतात; पण कार्यालयाचं व्हीपीएन, मुलांची ऑनलाइन परीक्षा, परदेशातल्या नातवाशी व्हिडिओ कॉल सगळं अडखळतं. अशा वेळी विलंबाचा आकडाही टिपा, ज्याला पिंग म्हणतात. तारेवरच्या ब्रॉडबँडसाठी ट्रायच्या १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेल्या नियमांत विलंबाची मर्यादा ५० मिलिसेकंद आहे. कॉलमध्ये आवाज तुटतो तो बहुधा विलंब वाढल्यामुळे. त्याचा तीनशे-चारशे एमबीपीएसशी फारसा संबंध नसतो. पूर्ण एचडी व्हिडिओला नेटफ्लिक्स स्वतः ५ एमबीपीएस पुरेत म्हणतं, फोर-केला १५. तेव्हा विक्रेता म्हणाला ‘सर, पाचशेचा प्लॅन घ्या, प्रॉब्लेम सुटेल’, तर त्याला रात्रीचा पिंग दाखवा.

आणि मुद्दाम अडवत असतील तर?

थ्रॉटलिंग ही नुसती शंकेखोरांची कल्पना नाही. २००७ मध्ये अमेरिकेतल्या रॉब टोपोल्स्की या संगणक तंत्रज्ञाला जुन्या बार्बरशॉप गाण्यांची ध्वनिमुद्रणं इतरांना पाठवताना अडचण येऊ लागली. त्यानं जोडणीतली देवाणघेवाण तपासली, तेव्हा कॉमकास्ट ही कंपनी दोन्ही बाजूंना ‘जोडणी तोडा’ असे बनावट संदेश पाठवते आहे असं दिसलं. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेनं पडताळणीसाठी बायबलचं एक जुनं इंग्रजी भाषांतर बिटटोरेंटवरून पाठवून पाहिलं. तेही अडलं! आधी नाकारणाऱ्या कंपनीला मग खुलासे द्यावे लागले. २००८ मध्ये तिथल्या नियामकानं कंपनीला दोषी धरलं. २०१० मध्ये न्यायालयानं नियामकाला तसा अधिकारच नाही म्हणून तो आदेश रद्द केला. एटी अँड टी या तिथल्याच मोबाइल कंपनीनं ‘अनलिमिटेड’ डेटा विकून काही ग्राहकांचा वेग महिन्याला अवघ्या दोन जीबीनंतर आवळला होता. २०१९ मध्ये सहा कोटी डॉलर देऊन तिनं तडजोड केली. सर्वांत वाईट प्रसंग २०१८ चा. कॅलिफोर्नियात वणवा पेटलेला असताना सांता क्लारा परगण्याच्या अग्निशमन दलाच्या गाडीचं इंटरनेट व्हेरायझननं मर्यादा संपली म्हणून जवळजवळ बंद पाडलं आणि महागडा प्लॅन घ्यायला सुचवलं.

भारतात कायदा यापेक्षा बरा आहे. २०१५ मध्ये लाखो लोकांनी ट्रायला ई-मेल पाठवून समान इंटरनेटची मागणी केली. ८ फेब्रुवारी २०१६ रोजी ट्रायनं ठरावीक सेवांसाठी वेगळे दर लावण्यावर बंदी घातली आणि ठरावीक संकेतस्थळंच फुकट देणारी फेसबुकची ‘फ्री बेसिक्स’ योजना गुंडाळली गेली. जुलै २०१८ मध्ये दूरसंचार विभागानं पुढचं पाऊल टाकलं: एखादी सेवा अडवणं, मंद करणं किंवा तिला झुकतं माप देणं परवान्याच्या अटींनुसार निषिद्ध ठरलं. जाळ्याचं वाजवी व्यवस्थापन आणि आणीबाणी यांना सूट आहे. म्हणजे ३३०० जीबीनंतर सगळ्याच वापराचा वेग कमी करणं चालतं, पण एक ओटीटी मंद आणि दुसरं वेगवान असं करणं चालत नाही. जुलै २०२० मध्ये दोन बड्या मोबाइल कंपन्यांच्या, जास्त पैसे देणाऱ्याला जास्त वेग देऊ पाहणाऱ्या, प्लॅनवर ट्रायनं आक्षेप घेतला होता. असं केल्यानं बाकीच्या ग्राहकांचा वेग कमी होत नाही ना, हा प्रश्न त्यामागे होता.

घरबसल्या शंका तपासायची असेल तर फास्ट डॉट कॉम उघडा. ही चाचणी २०१६ मध्ये नेटफ्लिक्सनं काढली आणि ती नेटफ्लिक्सच्याच सर्व्हरवरून वेग मोजते. नेहमीच्या स्पीड टेस्टवर दोनशे आणि इथं वीस, असं सातत्यानं दिसलं तर कान टवकारा. बोस्टनच्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठातल्या संशोधकांनी ‘वेहे’ नावाचं मोफत अ‍ॅप तयार केलं आहे. ते एखाद्या सेवेच्या वाहतुकीची नक्कल आधी जशीच्या तशी पाठवतं आणि मग तोच डेटा ओळखू येणार नाही असा करून पाठवतं. पहिला मंद आणि दुसरा वेगवान, म्हणजे वाटेत कुणी तरी ओळखून अडवतं आहे. व्हीपीएन लावल्यावर वेग वाढतो का, हीही एक चाचणी आहे, पण तिच्यावर फार विसंबू नका. व्हीपीएनमुळे वाट बदलते, आणि नवी वाट कमी गर्दीची निघाली तरी वेग वाढतो. त्यावरून कुणाचा हेतू सिद्ध होत नाही. फुकट व्हीपीएन तर स्वतःच मंद असतात, आणि त्यांचं पोट कशावर चालतं हा वेगळाच प्रश्न.

तक्रार कशी करायची

पहिली तक्रार कंपनीच्या तक्रार केंद्राकडे. फोन केलात तरी डॉकेट क्रमांक मागून घ्या; तो देणं कंपनीला बंधनकारक आहे. क्रमांकाशिवायची तक्रार कुणीच केलेली नसते. मजकूर थोडक्यात आणि आकड्यांत असू द्या, साधारण असा:

‘प्लॅन ३०० एमबीपीएस. सात दिवस रोज तीन वेळा लॅन वायरवरून घेतलेल्या मोजण्या सोबत जोडल्या आहेत. सकाळी सरासरी २८५, रात्री साडेनऊच्या सुमारास ३५ ते ५०. महिन्याचा एकूण वापर २१० जीबी, म्हणजे मर्यादेच्या बराच आत. लाइनमननं मोजलेली ऑप्टिकल पॉवर उणे २१. दोष घरातला नाही. सुधारणा किती दिवसांत होईल ते लेखी कळवावं आणि या काळाच्या भाड्यात सूट द्यावी.’

या मजकुराला ‘राऊटर बंद करून चालू करा’ हे उत्तर देणं अवघड जातं. जोडणी पूर्ण बंदच पडली असेल तर वेगळा नियम आहे. २०२४ च्या नियमांनुसार तारेवरच्या सेवेतला बिघाड तीन दिवसांत दुरुस्त झाला नाही तर कंपनीनं भरपाई द्यायची असते. ती आपणहून मिळेल म्हणून वाट पाहू नका, मागा.

मुदतीत निवारण झालं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे जाता येतं. मुदत संपल्यापासून तीस दिवसांच्या आत अपील करायचं, फी लागत नाही, आणि ३९ दिवसांत निर्णय व्हायला हवा, असं २०१२ चे नियम सांगतात. ही पायरी बहुतेकांना ठाऊक नसते आणि कंपनीला तिची जाहिरात करायची हौस नसते. ट्राय वैयक्तिक तक्रारी हाताळत नाही. तिकडे ई-मेल पाठवून थांबलात तर वेळ जाईल. दूरसंचार विभागाकडे मात्र केंद्र सरकारच्या सार्वजनिक तक्रार पोर्टलवरून दाद मागता येते, आणि तिथून खाली सरकलेली तक्रार कंपनीतला जरा वरचा माणूस वाचतो. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५.

एवढं करूनही काही हललं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. दूरसंचारच्या तक्रारी ग्राहक आयोगात चालत नाहीत असं पूर्वी सांगितलं जायचं, अजूनही कुणी सांगेल. फेब्रुवारी २०२२ मध्ये व्होडाफोन आयडियाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं त्या चालतात असा स्पष्ट निर्वाळा दिला. २०१९ च्या कायद्यामुळे तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात तक्रार दाखल करता येते, कंपनीचं मुख्यालय गुरुग्रामला असलं तरी. दिलेला मोबदला पाच लाखांच्या आत असेल तर फी नाही. वकील सक्तीचा नाही. मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्थांचे कार्यकर्ते अर्ज लिहायला मार्गदर्शन करतात. मुद्दा जाहिरातीच्या खोटेपणाचा असेल, तर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी दहा लाखांपर्यंत दंड करू शकतं. त्यासाठी जाहिरात जपून ठेवायला हवी. पत्रकाचा फोटो, संकेतस्थळाचा स्क्रीनशॉट, विक्रेत्याचे मेसेज हे सगळं जोडणी घेतानाच एका फोल्डरमध्ये टाका. प्लॅन बदलला की कंपनीचं पान बदलतं आणि जुनं कुठेच सापडत नाही.

शेवटी कंपनीच बदलायची ठरवलीत, तर नवी लाइन सुरू होऊन आठवडाभर रात्रीचा वेग पाहिल्याशिवाय जुनी तोडू नका. सोसायटीत एकाच ऑपरेटरला आत सोडण्याची पद्धत असेल, तर हा विषय वार्षिक सभेत काढावा लागेल. एकट्या सदनिकेला दुसरी तार आत आणू देत नाहीत. जुनी जोडणी बंद करण्याची विनंती लेखी करा, नाहीतर पुढच्या महिन्याचं बिल तयार होतं. आणि ओएनटी, राऊटर, अ‍ॅडॉप्टर नेणाऱ्या माणसाकडून मशीनच्या मागचा क्रमांक लिहिलेली पावती घ्या. पावती नसेल तर सहा महिन्यांनी वसुलीचा फोन येतो, आणि तोवर तो माणूस नोकरी सोडून गेलेला असतो.